शिळ्या सणाची पिशवी

देवळाली कॅम्पातल्या सेगुलाबाई चेऊलकरांच्या तोंडी लागू नये, याबद्दल त्यांच्या नवऱ्यापासून लॅम रोडवरच्या रिक्षावाल्यांपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. एकट्या बाईच्या गळ्यात अख्खा कॅम्प भाड्याने राहायचा. जन्मभर त्यांनी फौजी अफसरांच्या बायकांचे ब्लाउज शिवले. माप घेताना “येस मॅडम, राइट मॅडम.” मॅडमची गाडी वळणाआड गेली रे गेली, की तीच मॅडम दुकानात परत हजर: “टेलरजी, थोडा लूज रखिएगा, हमारा ना, वेट पुट ऑन हो जाता है विंटर में.” कमरेवर हात, मान तिरकी, आणि ते ‘वेट’ थेट नाकाच्या शेंड्यातून. शेजारचा इस्त्रीवाला हसता हसता कोणाची तरी पँट जाळायचा.

बाई मयताला गेल्या तरी मोकळ्या हाताने येत नसत. घरी आल्या की विधवेचा हंबरडा, दिराचं खोटं नाक ओढणं आणि ‘चहा ठेवू का’ विचारणारी शेजारीण, असा सगळा ऐवज नवऱ्यापुढे मांडायचा. नवरा एझ्रा सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होता. तो म्हणायचा, “सेगुला, आपण मेल्यावर आपली नक्कल कोण करणार?” बाई म्हणायच्या, “तुमची करायला काय लागतं? गप्प बसलं की झालं.”

चेऊलकर म्हणजे बेने इस्राएल. कोकणातून वर आलेले, शनिवार पाळणारे, मटणाच्या रश्शाला दह्याऐवजी नारळाचं दूध घालणारे. देवळाली, नाशिकरोड, इगतपुरी अशी सगळी गोळाबेरीज केली तरी त्यांची घरं एका बसमध्ये मावतील आणि वर दोन सीट रिकाम्या राहतील. दारफळणीच्या सणाला हे लोक उपास धरतात, पांढरं नेसतात, दार लावून घेतात आणि वर्षभराच्या पापांची देवाकडे माफी मागतात. दुसरा दिवस शिळा सण. त्या दिवशी दारं उघडायची, एकमेकांकडे जायचं, आणि दारात येईल त्याला दान द्यायचं.

या शिळ्या सणाला सेगुलाबाईंचा रुबाब बघावा. दारात खुर्ची टाकून बसायच्या, जणू तहसीलदारांचा दौरा. वर्षभर उरलेल्या ब्लाउजपिसांच्या त्या छोट्या पिशव्या शिवून ठेवायच्या. जरीची, चंदेरीची, कधी कर्नलणीच्या रेशमाची. पिशवीत तांदूळ, वर गुळाचा खडा. उघड्या हातावर दान टाकणं त्यांना पटत नसे. “भिकाऱ्याला हातावर देतात. माझ्या दारी पाहुणे येतात,” असं म्हणायच्या आणि मग त्या पाहुण्यांची एकेकाची सालं काढायच्या. विहितगावचा आंधळा आला की डोळे मिटून त्याच्यासारख्या चाचपडायच्या. संसरीची म्हातारी आली की तोंडातले दात काढल्यासारख्या बोलायच्या. लोक शिव्या खायचे, हसायचे आणि तांदूळ घेऊन जायचे. दान खरं, तमाशा फुकट.

त्यांतली कुसाबाई त्यांची लाडकी. भगूरकडची, कॅम्पाच्या बाजारात शेपू-मेथी विकणारी, उजव्या पायाने लंगडी. ती काही भीक मागणारी नव्हे. एके वर्षी भाजी घेऊन दारावर आली आणि दान देण्याच्या धांदलीत सापडली, तेव्हापासून दरवर्षी येऊ लागली, आणि येताना शेपूची जुडी आणायची.

“आली माझी महाराणी,” सेगुलाबाई खुर्चीतून म्हणायच्या. “मागल्या वर्षीचे तांदूळ पचले का गं कुसे?”

“पचलं की बाई. तुमच्या शिव्यांसकट.”

मग सेगुलाबाई उठून कुसाबाईची चाल चालून दाखवायच्या. उजवा पाय ओढायचा, दोन पावलांवर थांबून पदराने तोंड पुसायचं, आणि घशात कोंबडी अडकल्यासारख्या आवाजात “शेपू घ्या वो बाई, लय कवळी हाय” म्हणायचं. कुसाबाई पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची. “सेम मी,” म्हणायची. “माझा मालक बी फसंल.”

पण देवालाही नक्कल जमते, आणि त्याला हात आखडता घेता येत नाही. एझ्राभाऊ न्हाणीत पडले ते अर्धं अंग घेऊनच बाहेर आले. वाचा गेली. उरला एकच शब्द: “हो.” भूक लागली, हो. दुखतंय, हो. लाइट गेली, हो. पाठोपाठ सेगुलाबाईंच्या डोळ्यांत पडदा आला. एकाचं ऑपरेशन बरं झालं, दुसऱ्याचं बिनसलं, आणि सुईत दोरा जाईना. दुकान बंद झालं. मुलगा इस्राएलात, अश्दोदला. तो व्हिडिओ कॉलवर तिथला समुद्र दाखवायचा. “आई, बघ किती निळा आहे.” बाई बघायच्या. निळा होता.

मग पॅन्ट्री आली. नाव ‘एलियाहू पॅन्ट्री’. पैसा परदेशी गेलेल्या नातलगांचा, जागा फ्लोरामॅडमच्या गंगापूर रोडवरच्या बंगल्याच्या गॅरेजमधली, आणि शिस्तही फ्लोरामॅडमचीच. त्या इंग्रजी शाळेच्या निवृत्त प्रिन्सिपल, त्यामुळे समोर कोणीही उभं राहिलं तरी ते चौथी ‘ब’मधलं वाटायचं. त्यांच्या हाताखाली सॅमसनकाका, इगतपुरीचे निवृत्त रेल्वेगार्ड. सेगुलाबाई आणि ते रेल्वेच्या एकाच क्वार्टर्समध्ये वाढलेले. काका मापाने तांदूळ भरताना ओरडायचे, “पॅन्ट्रीकार फलाट क्रमांक एकवर येत आहे. प्रवाशांनी ढकलाढकली करू नये.” प्रवासी म्हणजे सात-आठ म्हाताऱ्या आणि एक दमेकरी. ढकलाढकली कोण करणार?

पिशवीत तांदूळ, तूरडाळ, बिरड्याचे वाल, तेल, नारळ, चहा, साखर असायचं. पिशवी पांढरी, तिच्यावर निळा तारा आणि निळी अक्षरं, पार गोदावरीच्या पल्याडून वाचता येतील एवढी. एझ्राभाऊंसाठी वेगळं एक पाकीट असायचं, मोठ्या माणसाच्या लंगोटांचं. तांदूळ नसते तर सेगुलाबाई पेज पिऊन राहिल्या असत्या. पण ते पाकीट नसतं तर? पहिल्या महिन्यात त्यांनी जुन्या साड्या फाडून बघितल्या होत्या. नवऱ्याच्या पाठीला जखम झाली, आणि ती भरायला सगळा पावसाळा गेला.

पिशवी घेताना फोटो व्हायचा. “देणाऱ्यांना दिसायला हवं ना,” फ्लोरामॅडम म्हणायच्या. “स्माइल, सेगुलाबाई. दुःखी चेहरा नको, डिप्रेसिंग वाटतं. पण फार खूशही नको हं, मग त्यांना वाटतं गरज नाहीये. असं… मधलं काहीतरी. ग्रेटफुल.”

सेगुलाबाईंनी आयुष्यात असंख्य चेहरे काढले होते, पण हा मधला चेहरा त्यांना जमेना. मॅडमनी चारदा काढायला लावला.

नियम एकच, पण तो मॅडम दर वेळी सांगायच्या, प्रार्थनेसारखा: “पॅन्ट्री ही नडलेल्यांसाठी आहे. आपल्याकडे शिस्त म्हणजे शिस्त. ज्याच्या घरात एक्स्ट्रा आहे, त्याने दुसऱ्याच्या तोंडचं घ्यायचं नाही.” नाशिकरोडच्या मलकाबाईंच्या घरी नवा टीव्ही दिसला आणि त्यांची पिशवी बंद झाली. टीव्ही भावाचा होता, भाऊ दुरुस्तीला ठेवून गेला होता. मॅडम म्हणाल्या, “भाऊ टीव्ही घेतो, तर बहिणीला तांदूळही घेईल.” मलकाबाईंनी पुढे काय खाल्लं ते कोणी विचारलं नाही. विचारणाऱ्याला घरी जेवायला बोलवावं लागलं असतं.

यंदाच्या शिळ्या सणाला मॅडमनी पॅन्ट्रीचं वाटप ठेवलं. “आपली परंपरा आहे, दानाचा दिवस,” असं त्यांनी ग्रुपवर टाकलं आणि खाली हात जोडलेली चित्रं. आदल्या दिवशीच्या उपासाने सेगुलाबाईंचे पाय लटपटत होते. तरी एझ्राभाऊंना शेजारच्या पोराच्या भरवशावर सोडून त्या सकाळीच निघाल्या, शालिमारला बस बदलून गंगापूर रोडला गेल्या, मधला चेहरा करून आल्या. परतीच्या बसमध्ये पिशवी मांडीवर धरून तारा आतल्या बाजूला वळवला. कंडक्टरनं तरीही विचारलंच, “मावशी, कुठं वाटप होतं?” बाई म्हणाल्या, “तुझ्या बाराव्याला. तारीख कळवते.”

घराशी आल्या तर पायरीवर कुसाबाई, शेजारी शेपूची जुडी.

ती येणार हे सेगुलाबाई विसरल्या होत्या. दारात खुर्ची नव्हती, शिवलेली पिशवी नव्हती, आणि घरातल्या डब्याच्या तळाला हात लावला तर बोटांना पत्रा लागेल अशी गत. त्यांना सांगता आलं असतं. ‘कुसे, यंदा नाही गं,’ एवढंच. कुसाबाई “बरं” म्हणून उठली असती.

“आली माझी महाराणी,” सेगुलाबाई म्हणाल्या. जीभ आपली आपणच चालू झाली.

“आले की. काल तुमचं दार बंद दिसलं, तवाच वळखलं आज शिळा सन. भाऊ कसं हायत?”

“आहेत तस्से. बस. पाणी आणते.”

आत जाऊन त्यांनी दुकानाची पेटी उघडली. चिंध्या होत्या, पण शिवणार कोण? कागदात बांधून द्यायला त्यांचं मन होईना. कागदात दान म्हणजे वाण्याची पुडी. त्यांनी पॅन्ट्रीच्या पिशवीतलं सगळं ओट्यावर काढलं, थोडे तांदूळ परत त्याच पिशवीत ओतले, वर गुळाचा खडा टाकला आणि तिला गाठ मारली. पांढरी, कोरी, कडक कापडाची पिशवी. द्यायला शोभत होती. शेजारचं पोरगं केव्हाच खेळायला पळालं होतं; आत खाटेवरून एझ्राभाऊ बघत होते.

“असं काय बघताय? देऊ नको?”

“हो.”

“हो म्हणजे देऊ?”

“हो.”

“तुमचा सल्ला म्हणजे सोनंच,” असं म्हणून बाई बाहेर आल्या, पिशवी कुसाबाईच्या हातात दिली आणि पुढचं सगळं साग्रसंगीत केलं. तिला शिव्या दिल्या, तिची शेपू शिळी ठरवली. कुसाबाई खळखळून हसली. तेवढा वेळ सेगुलाबाई पुन्हा दानशूर सेगुलाबाई होत्या, आणि उपासाचे पाय लटपटायचे थांबले होते.

कुसाबाई फाटकाबाहेर पडली आणि त्याच फाटकाशी फ्लोरामॅडमची गाडी थांबली. शिळा सण भेटीगाठींचा. मॅडम घरोघर जाऊन ‘लाभार्थींचा व्हिडिओ’ घेत होत्या. सोबत सॅमसनकाका होते आणि ड्रायव्हर सोमा.

मॅडमना आधी तारा दिसला, मग ती बाई.

“ही पिशवी कुठून आणलीस?”

“बाईंनी दिली.”

“कोणत्या बाईंनी?”

“ह्याच, सेगुलाबाईंनी. दर साल देत्यात. लय मोठ्या मनाच्या हायत, फकस्त तोंड तेवढं…” कुसाबाई कौतुकाने हसली. त्या कौतुकानेच घात केला.

मॅडम तिला घेऊन घरात आल्या. खुर्ची एकच, तिच्यावर मॅडम. बाकी सगळे उभे, जसं चौथी ‘ब’ने असावं. एझ्राभाऊंच्या खाटेखाली लंगोटांचं नवं पाकीट होतं. मॅडमची नजर त्याच्यावरून फिरून आली.

“सेगुलाबाई, मी रागावलेली नाही,” मॅडम म्हणाल्या. “मी डिसअपॉइंट झालेय. लोक तिकडे ओव्हरटाइम करून पैसे पाठवतात. कशासाठी? तुम्ही इथं बसून दानधर्म करावा म्हणून? तुम्हाला वाटायला पुरतंय म्हणजे तुम्हाला जास्त होतंय. लॉजिक साधं आहे.”

“मॅडम, सण आहे आज…” सॅमसनकाकांनी तोंड उघडलं.

“काका, प्लीज.”

काकांनी तोंड मिटलं. सिग्नल लाल.

“आता दोनच गोष्टी असू शकतात,” मॅडम पुढे म्हणाल्या. “एक तर तुम्ही दिलीत. मग पुढच्या महिन्यापासून ज्यांना खरी गरज आहे, त्यांना ती जाईल. तांदूळ, आणि भाऊंचं ते सगळंच. किंवा…” त्यांनी कुसाबाईकडे बघितलं नाही, नुसता हात केला. “किंवा तुम्ही आत भाऊंचं करत होतात आणि ही उचलून घेऊन गेली. तसं असेल तर तसं सांगा. मी समजून घेईन.”

सेगुलाबाईंनी खाटेखाली पाहिलं. मग पदर खोचला.

“काय सांगू मॅडम,” त्या म्हणाल्या. “मी ह्यांना कुशीवर वळवत होते. ही आली.” आणि त्या दारापर्यंत गेल्या आणि तिथून कुसाबाई होऊन आत आल्या. उजवा पाय ओढत. दोन पावलं, थांबून पदराने तोंड पुसणं. “‘बाईऽ, पानी द्या वो जरा. लय ऊन हाय.’” मान पुढे, डोळे ओट्याकडे. “‘भाऊंचं चालू द्या तुमचं, मी घेते हातानं.’” हात हळूच पुढे, पिशवीला गाठ, पिशवी पदराआड, आणि पाय ओढत ओढत, लगबगीनं, घशातल्या कोंबडीसकट, “‘येते वो बाई.’”

असली नक्कल त्यांनी जन्मात केली नव्हती. दारातला सोमा फस्सकन हसला. मॅडमच्या ओठांचा कोपरासुद्धा हलला.

आणि कुसाबाई हसत होती. दरसालसारखी, पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. “सेम मी,” असं म्हणायला तिनं तोंड उघडलंही. मग तिला दिसलं की सेगुलाबाई तिच्याकडे बघत नाहीयेत. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, चुलीवरनं उतरवायला विसरलेल्या भांड्यासारखं.

“बाई?” ती म्हणाली. “तुमी दिली न्हवं मला?”

“मी?” सेगुलाबाई म्हणाल्या. “मी कुठून देऊ? मलाच मागून आणावं लागतं.” त्या वाक्यात खोटं काहीच नव्हतं.

“भाऊ बघत व्हते,” कुसाबाई खाटेकडे वळली. “भाऊ, बाईंनी दिली ना?”

“हो,” एझ्राभाऊ म्हणाले.

“बघा.”

“एक मिनिट,” मॅडम पुढे झुकल्या, परीक्षेत तोंडी घेतात तशा. “एझ्राभाऊ, हिनं पिशवी उचलली?”

“हो.”

“चोरली?”

“हो.” डोळ्यांतून पाणी आलं. पण ते लकव्यापासून येतच असे, त्याचा कोणी अर्थ लावला नाही.

“झालं तर मग,” मॅडम म्हणाल्या.

कुसाबाईनं गाठ सोडली. पिशवी ओट्यावर पालथी केली, गुळाचा खडा तांदळांवरून घरंगळत खाली गेला, तो तिनं उचलून परत वर ठेवला. पिशवीची नीट घडी केली.

“मला सांगायचं ना बाई, यंदा नाय म्हनून,” ती म्हणाली. “मी काय तांदळाला येत व्हते?”

“पोलिसात देत नाही तुला,” मॅडम म्हणाल्या. “आज आमचा सण आहे. जा.”

ती गेली. तिची चाल दारातून दिसत राहिली, आणि सोमानं ती बारकाईनं बघून घेतली.

मॅडमनी मग व्हिडिओ घेतला. सेगुलाबाई पिशवीसकट, मागे खाटेवर एझ्राभाऊ. या वेळी चेहरा एका दमात जमला. मॅडम म्हणाल्या, “परफेक्ट, हाच.” निघताना सॅमसनकाका उंबऱ्यात घुटमळले.

“काल दिवसभर उपास धरून पाटी कोरी केली होतीस ना सेगुले,” ते हळू आवाजात म्हणाले. “चोवीस तास तरी ठेवायची.”

“तुझी पाटी काय म्हणते? तू तर सिग्नलला उभाच होतास.”

काका गाडीत जाऊन बसले.

सोमा कॅम्पातलाच पोरगा. संध्याकाळपर्यंत त्यानं बाजारात तीनदा करून दाखवलं. चहाच्या टपरीवर, मोबाइलच्या दुकानात, मग खुद्द भाजीबाजारात. “‘भाऊंचं चालू द्या तुमचं, मी घेते हातानं.’” पोरांनी ते उचललं. कुसाबाई पाटी घेऊन बसली की कोणीतरी लांबून म्हणायचं, “पिशवी सांभाळा रे.” गिऱ्हाइकं भाजी घेताना पर्स काखेत दाबून धरू लागली. भाव विचारण्याआधी हसू लागली. तिनं काही दिवस काढले, मग ती दिसेनाशी झाली. कोणी म्हणालं भगूरलाच बसते, कोणी म्हणालं बसतच नाही.

पॅन्ट्रीची पिशवी दर महिन्याला येत राहिली. एझ्राभाऊंची पाठ कोरडी राहिली.

दिवाळीच्या सुमारास सेगुलाबाई शेपू घ्यायला बाजारात गेल्या. कुसाबाईच्या जागेवर दुसरी बाई होती, तरणी, बडबडी, नव्यानं आलेली. तिचं नाव सुवर्णा. तिला सेगुलाबाई माहीत नव्हत्या.

“इथली आधीची कुठे गेली?” सेगुलाबाईंनी विचारलं.

“ती चोट्टी? अहो मावशी, काय मज्जा झाली, तुम्हाला ठाऊक नाही?” सुवर्णानं जुडी हातातच ठेवली आणि उठून सगळं करून दाखवलं. लंगडत आली, तोंड पुसलं, पाणी मागितलं, पिशवी पदराआड घातली. शेजारच्या कांदेवाल्या हसल्या. त्यांनी हे आधीही बघितलेलं असावं, कारण त्या कुठे हसायचं ते ओळखून थोड्या आधीच हसत होत्या.

सेगुलाबाई एक डोळा बारीक करून बघत होत्या. ब्लाउजची बाही उसवली की बघायच्या तशा.

“चुकतंय तुझं,” त्या म्हणाल्या.

“काय चुकतंय?”

“डावा नाही गं. उजवा. आणि तोंड पुसते ते थांबल्यावर, चालता चालता नाही.”

“तुम्ही बघितली होती का तिला?”

सेगुलाबाईंनी पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि कांदेवाल्यांना जरा मागे सरकायला सांगितलं.